चॅलेंजरचा सांधा: पोलाद वेळेवर, रबर उशिरा

२८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून चॅलेंजर हे शटल उडालं आणि ७३ सेकंदांनी हवेतच मोडलं. सातही अंतराळवीर गेले. चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने जागा नेमकी दाखवली: शटलला वर रेटणाऱ्या दोन घन-इंधनी रॉकेटांपैकी, म्हणजे बूस्टरांपैकी, उजव्या बूस्टरचा सर्वांत खालचा फील्ड जॉइंट (बूस्टरचे भाग जोडणारा सांधा). तिथलं सील टिकलं नाही आणि आतला जळता वायू बाहेर आला.

या अपघाताचं एका वाक्यातलं स्पष्टीकरण बहुतेकांना पाठ असतं: थंडीने रबराची ओ-रिंग (सांध्याची फट बंद ठेवणारं गोल कडं) कडक झाली आणि तुटली. यातलं ‘तुटली’ चूक आहे आणि ‘कडक झाली’ अर्धंच खरं आहे. उड्डाणाच्या क्षणी ओ-रिंग तुटलेली नव्हती. बूस्टरचं पोलादही त्याच्या मर्यादेत होतं. प्रतिबल (दर क्षेत्रफळामागचं बल) आणि विकृती (मूळ मापाच्या तुलनेत झालेला बदल), म्हणजे वर्कशॉपमध्ये ज्यांना स्ट्रेस आणि स्ट्रेन म्हणतात, त्यांच्या नेहमीच्या आलेखावर बोट ठेवून ‘इथे मर्यादा ओलांडली’ असं दाखवता येईल असा एकही बिंदू त्या सांध्यात सापडत नाही. तरीही सांधा गळला. हे कसं, हा या प्रकरणाचा विषय आहे. राजकारण, वेळापत्रकाचा दबाव, कोण कोणाला काय म्हणालं यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मी मुख्यतः दोन पदार्थांकडे बघणार आहे.

सांधा कसा होता

शटलचा प्रत्येक बूस्टर सुमारे ४५ मीटर उंच आणि ३.७ मीटर व्यासाचा, आत साधारण ५०० टन घन इंधन. एवढी नळी एका तुकड्यात बनवून रेल्वेने नेणं शक्य नव्हतं. मॉर्टन थायोकॉल कंपनी यूटा राज्यात इंधन भरलेले भाग तयार करी आणि ते फ्लोरिडात एकमेकांवर चढवून जोडले जात. प्रक्षेपण केंद्रावर जोडायचे म्हणून हे सांधे ‘फील्ड जॉइंट’.

वरच्या भागाच्या खालच्या कडेला एक जीभ (टँग), खालच्या भागाच्या वरच्या कडेला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच (क्लेव्हिस). जीभ खाचेत बसवायची आणि परिघावर १७७ पोलादी पिना आडव्या ठोकायच्या. खाचेच्या आतल्या भिंतीत दोन चर, प्रत्येक चरात एक ओ-रिंग. ओ-रिंगची जाडी ७.१ मिलिमीटर आणि घेर साडेअकरा मीटरच्या आसपास. वायू ओ-रिंगपर्यंत थेट पोचू नये म्हणून आतल्या बाजूला उष्णतारोधक पुट्टी.

ओ-रिंगला चरात बसवतानाच दाबलेलं असतं. दाबलेलं रबर मूळ आकाराला येऊ पाहतं, म्हणून समोरच्या पोलादाला रेटून धरतं, आणि हा रेटा म्हणजेच सील. त्यात आतून वायूचा दाब आला की तो ओ-रिंगला चराच्या दुसऱ्या भिंतीकडे आणि फटीकडे ढकलतो, सील आणखी घट्ट होतं. अट एकच: दाब येईपर्यंत रबराने समोरच्या पोलादाला सोडता कामा नये.

पोलादाचा हिशेब

बूस्टर पेटला की अर्ध्या सेकंदाच्या आसपास आतला दाब शून्यावरून सुमारे ६ मेगापास्कलवर जातो. नळीच्या भिंतीत याने किती प्रतिबल येतं याचा ढोबळ हिशेब कागदावर करता येतो. पातळ भिंतीच्या नळीसाठी परिघाच्या दिशेचं प्रतिबल म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. त्रिज्या १,८५० मिलिमीटर आणि भिंत साधारण साडेबारा मिलिमीटर धरली तर उत्तर येतं ८९० मेगापास्कलच्या जवळपास. नळीच्या लांबीच्या दिशेने त्याच्या निम्मं.

८९० हा आकडा मोठा वाटतो, आणि आहेच. साधं बांधकामाचं पोलाद २५० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं. पण बूस्टरसाठी वापरलेलं डी६एसी हे मिश्र पोलाद उष्णतेची प्रक्रिया केल्यावर १,२०० मेगापास्कलच्या वर जाईपर्यंत स्थितिस्थापक राहतं. म्हणजे नळी आपल्या सरळ रेषेच्या आत होती. दाब जितका, ताणणं तितकं. दाब गेला की नळी जशीच्या तशी. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये स्प्रिंगांबद्दल जे प्रसिद्ध केलं तेच इथे तीन मीटरपेक्षा जास्त व्यासाच्या नळीला लागू होतं.

आता विकृती. पोलादाचा यंगचा गुणांक (ताणाला पदार्थ किती विरोध करतो त्याचं माप) २०० गिगापास्कल, म्हणजे दोन लाख मेगापास्कल. परिघाच्या दिशेने ८९० आणि लांबीच्या दिशेने ४४५ मेगापास्कल असताना, पॉयसनचा परिणाम (एका दिशेने ताणलं की आडव्या दिशेने आक्रसणं) वजा करून परिघाची विकृती साधारण ०.३८ टक्के निघते. टक्क्यांत क्षुल्लक वाटतं. पण त्रिज्या १,८५० मिलिमीटर आहे, म्हणून भिंत सात मिलिमीटर बाहेर फुगते. घेर चार सेंटिमीटरहून जास्त वाढतो. विकृती हे गुणोत्तर असतं, त्याचं विस्थापन किती होणार ते वस्तूच्या आकारावर ठरतं. प्रयोगशाळेत बोटाएवढ्या नमुन्यावर ०.३८ टक्के म्हणजे डोळ्याला न दिसणारी गोष्ट.

सगळी नळी सारखी फुगली असती तर सांध्याला त्रास नव्हता. पण सांध्यापाशी जीभ आणि खाचेच्या दोन भिंती असे पोलादाचे तीन थर आहेत. तिथे जाडी जास्त, म्हणून प्रतिबल कमी, म्हणून फुगणंही कमी. सांध्याच्या वर आणि खाली भिंत पोटासारखी बाहेर येते, सांधा मात्र मागे राहतो. याचा परिणाम म्हणजे सांध्याची दोन्ही टोकं पिनांभोवती किंचित फिरतात आणि जीभ व खाचेची आतली भिंत यांच्यातली फट उघडते. अभियंते याला जॉइंट रोटेशन म्हणत.

मूळ आराखड्यात धरलं होतं ते नेमकं उलट: आतला दाब खाचेच्या आतल्या भिंतीला जिभेवर दाबेल आणि फट मिटेल. १९७७ मध्येच पाण्याचा दाब देऊन केलेल्या चाचणीत दिसलं की फट मिटत नाही, उघडते. नासाच्या मार्शल केंद्रातल्या काही अभियंत्यांनी त्यावर लेखी हरकतही घेतली होती. सांधा बदलला नाही. माझ्या मते या प्रकरणातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तांत्रिक चूक हीच, आणि तिचा थंडीशी काहीही संबंध नाही. एकदा फट उघडते हे मान्य केलं की सीलचं काम बदलतं. आधी त्याने फक्त जागेवर बसून राहायचं होतं, आता त्याला दूर जाणाऱ्या पोलादाच्या मागे धावायचं आहे.

किती धावायचं? आयोगाच्या अहवालात आकडे आहेत. फट पहिल्या ओ-रिंगपाशी ०.०२९ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरपर्यंत उघडू शकते; दुसऱ्या ओ-रिंगपाशी ०.०१७ इंच, म्हणजे ०.४३ मिलिमीटर. उघडणं प्रज्वलनाबरोबर सुरू होतं, २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या सुमारास त्याचा वेग सर्वाधिक असतो आणि ६०० मिलिसेकंदांना ते जवळजवळ पूर्ण होतं.

पोलादाला यात वेळ लागत नाही. अणूंमधले बंध ताणले जातात, ऊर्जा त्यांच्यात साठते, आणि पोलादात ध्वनी सेकंदाला पाच किलोमीटर धावतो त्या वेगाने ही बातमी सगळीकडे पोचते. आजचा दाब सांगा, आजची विकृती सांगतो, इतका साधा व्यवहार. म्हणून पोलाद हाताळणाऱ्या माणसाला प्रतिबल आणि विकृती यांच्यात तिसरं कोणी असतं हे सहसा आठवत नाही.

रबराचा हिशेब

रबराची स्थितिस्थापकता वेगळ्या मुळातून येते. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या वेड्यावाकड्या गुंतून पडलेल्या असतात आणि अधूनमधून एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात. रबर दाबलं किंवा ओढलं की साखळ्यांना काही ठरावीक मांडण्याच शक्य उरतात. सोडलं की त्या पुन्हा अस्ताव्यस्त होऊ पाहतात, कारण अस्ताव्यस्त असण्याचे मार्ग कितीतरी जास्त आहेत. परत येण्याची ओढ इथे मुख्यतः एन्ट्रॉपीची, म्हणजे या अस्ताव्यस्तपणाची, आहे. म्हणूनच नीट रबरी अवस्थेत असलेलं रबर तापवलं तर थोडं अधिक ताठ होतं, पोलादाच्या उलट.

पण परत येण्यासाठी साखळीच्या प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्यांमधून वाट काढावी लागते. ही हालचाल उष्णतेच्या थरथरीवर चालते. उबेत तुकडे पटापट हलतात, थंडीत रेंगाळतात. आणखी थंड केलं की एका टप्प्याला हालचाल जवळजवळ थांबते आणि रबर काचेसारखं होतं. चॅलेंजरच्या ओ-रिंगा व्हायटन या फ्लुओरोकार्बन रबराच्या होत्या आणि या जातीचं काच-संक्रमण तापमान साधारण उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास असतं.

उड्डाणाच्या वेळी हवेचं तापमान ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे २ अंश सेल्सियस होतं. रात्रभराच्या गारठ्यामुळे निकामी झालेल्या सांध्याच्या त्या बाजूचं तापमान त्याहून कमी, सुमारे उणे २ अंश सेल्सियस असावं असा आयोगाचा अंदाज आहे. म्हणजे रबर काच-संक्रमणापासून अजून चांगलंच दूर होतं. हातात घेतलं असतं तर वाकलं असतं, ठिसूळ नव्हतंच. ते होतं मधल्या पट्ट्यात, जिथे पदार्थ रबरच असतो पण संथ असतो. मेमरी फोमच्या उशीवर हात दाबून उचलला की ठसा काही क्षण तसाच राहतो आणि मग भरून येतो, तसा हा पट्टा. उशी मऊच असते, फक्त उशीर करते.

याचं सर्वांत साधं प्रतिरूप म्हणजे एक स्प्रिंग आणि तिच्या शेजारी एक तेल भरलेला दट्ट्या. एकूण प्रतिबल म्हणजे गुणांक गुणिले विकृती, अधिक चिकटपणा गुणिले विकृती बदलण्याचा वेग. पहिला भाग हूकचा. दुसऱ्या भागात वेळ येतो. बाहेरचं बल एकदम काढून घेतलं तर उरलेली विकृती घसरत जाते आणि त्या घसरणीचा काळ ठरतो चिकटपणा भागिले गुणांक या एका राशीवर. तिला विलंबकाळ म्हणू. थंडीत गुणांक थोडाफार बदलतो, चिकटपणा मात्र कित्येक पट वाढतो. रबर ‘किती कडक’ हे विचारलं तर वरकरणी फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. ‘किती वेळात परतेल’ हे विचारलं की चित्र पालटतं.

आयोगाने नोंदवलेला आकडा असा: ७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २४ अंश सेल्सियसला दाबलेली ओ-रिंग ३० अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे १ अंश सेल्सियसला दाबलेल्या ओ-रिंगपेक्षा मूळ आकाराला येण्यात पाचपट तत्पर असते. पाचपट हा काही भयंकर आकडा वाटत नाही. वरच्या प्रतिरूपात घालून बघू. समजा उबदार रबराचा विलंबकाळ ०.१ सेकंद आहे (हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे). फट सर्वांत वेगाने उघडते त्या सुमारास, ०.२ सेकंदांना, ते ८६ टक्के परतलेलं असेल. पाचपट संथ रबराचा विलंबकाळ ०.५ सेकंद, तेवढ्याच वेळात ते ३३ टक्केच परतेल. ०.६ सेकंदांना पहिलं जवळजवळ पूर्ण, दुसरं ७० टक्क्यांवर. नंतर दोन सेकंद दिले तर दोघांत फरक ओळखू येणार नाही. पण ते दोन सेकंद कोणाकडे होते?

इथेच मापन आणि वापर यांची फारकत होते. रबराच्या मालाबरोबर येणाऱ्या तपशीलपत्रकात कठीणपणा असतो, ताणून तोडायला लागणारं प्रतिबल असतं, तुटण्याआधीची लांबी असते, फार तर बराच काळ दाबून ठेवल्यावर उरणारी कायमची चपटाई असते. सगळे आकडे खरे. पण त्यातला एकही या सांध्याच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. प्रतिबल-विकृतीचा आलेख काढतानाही यंत्र एका ठरावीक, बऱ्यापैकी सावकाश वेगाने ओढतं. तोच नमुना दहापट वेगाने ओढला तर आलेख वेगळा येतो. परतीची वाट जातानाच्या वाटेवरून जात नाही, मधे एक वेटोळं राहतं. रबराचा ‘तो’ आलेख अशी वस्तूच नसते. प्रत्येक तापमानाला आणि प्रत्येक वेगाला त्याचा आपला आलेख असतो.

आधीच केलेली चाचणी

थायोकॉलमधल्या अभियंत्यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. जानेवारी १९८५ मध्ये झालेल्या एका उड्डाणात ओ-रिंगांचं तापमान ५३ अंश फॅरनहाइट (१२ अंश सेल्सियस) होतं. परत मिळवलेल्या बूस्टरांत पहिल्या ओ-रिंगच्या पलीकडे काजळी गेलेली आढळली. त्यानंतर त्यांनी जी चाचणी केली ती मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

त्यांनी ओ-रिंग तोडली नाही, तिचा गुणांकही काढत बसले नाहीत. चाचणी-यंत्राच्या दोन सपाट तबकड्यांमध्ये ओ-रिंगचा तुकडा सांध्यात असतो तितका दाबला, मग सांधा उघडतो साधारण तितक्या अंतराने आणि वेगाने तबकड्या दूर केल्या, आणि रबर तबकडीला किती वेळाने पुन्हा टेकतं ते पाहिलं. १०० अंश फॅरनहाइटला (३८ अंश सेल्सियस) संपर्क सुटलाच नाही. ७५ अंशांना (२४ सेल्सियस) २.४ सेकंद सुटला. ५० अंशांना (१० सेल्सियस) दहा मिनिटं थांबूनही रबर तबकडीला टेकलं नाही, मग चाचणी बंद केली.

हे आकडे वर दिलेल्या ‘पाचपट’शी जुळत नाहीत असं चटकन वाटेल. २.४ सेकंदांवरून दहा मिनिटांच्या पलीकडे, म्हणजे अडीचशे पटीहून जास्त, आणि तेही केवळ १४ अंश सेल्सियसच्या फरकात. माझ्या समजुतीप्रमाणे यात विरोध नाही, दोन प्रश्न वेगळे आहेत. ‘पाचपट’ हा परतण्याच्या तत्परतेचा आकडा आहे. तबकडीला पुन्हा टेकणं ही मात्र उंबरठा ओलांडण्याची गोष्ट आहे. घसरण शेवटाकडे फार मंद होत जाते: एकाच विलंबकाळाच्या साध्या प्रतिरूपातही ८० टक्के परतायला १.६ विलंबकाळ लागतात, ९९ टक्के परतायला ४.६. खऱ्या रबरात तर विलंबकाळांची अख्खी रांग असते, काही मिलिसेकंदांचे, काही तासांचे. तबकडी त्या शेपटीच्या भागात जाऊन उभी राहिली की तापमानातला छोटा फरक प्रतीक्षा प्रचंड वाढवतो. म्हणून १२ अंशांना निभावलं, मग उणे २ ला थोडंसं वाईट होईल, असा सरळ रेषेतला अंदाज इथे धोक्याचा होता.

उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारीला, दूरध्वनीवरच्या बैठकीत रॉजर बॉइजोली आणि आर्नोल्ड थॉम्प्सन या थायोकॉलच्या अभियंत्यांनी हा मुद्दा मांडला. ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उडू नये अशी कंपनीची सुरुवातीची शिफारस होती. समोरून आलेला आक्षेप असा की ७५ अंशांनाही एकदा वायू पहिल्या ओ-रिंगपलीकडे गेला होता, मग थंडीचा संबंध कुठे सिद्ध होतो? शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने शिफारस फिरवली. बैठकीत फक्त बिघाड झालेली उड्डाणं पाहिली गेली. आयोगाने नंतर बिनबिघाडाची उड्डाणंही शेजारी मांडली: ६१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून उबदार हवेतल्या २१ उड्डाणांपैकी चारांत ओ-रिंगांवर खुणा होत्या, त्याहून थंड हवेतल्या प्रत्येक उड्डाणात होत्या.

एक गोष्ट मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवी. ७५ अंशांना वायू पलीकडे जातो हे खरंच होतं आणि चाचणीही तेच सांगत होती, २.४ सेकंद. त्यातून काढायचा निष्कर्ष उलटा होता. थंडीशी संबंध नाही असं नव्हे. हा सांधा उबेतही काठावरच चालत होता.

सहा दशांश सेकंद

आता त्या दिवशीचा क्रम. बूस्टर पेटायच्या साडेसहा सेकंद आधी शटलची मुख्य इंजिनं सुरू होतात. ती एका बाजूला असल्याने अख्खी रचना किंचित झुकते आणि वाकवलेल्या पात्यासारखी परत येते. ती उभी होते त्या क्षणी बूस्टर पेटवले जातात आणि जमिनीला धरलेले बोल्ट सुटतात. वाकण्यात साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मग कंपनांच्या रूपाने बाहेर पडते.

दाब चढला. नळी फुगली, सांधा फिरला, फट उघडली. पोलादाने हे सगळं आपल्या सरळ रेषेत, वेळेवर, बिनचूक केलं. रबर मागे राहिलं.

मागे राहण्याला आणखी एक कारण जोडीला होतं. पुन्हा पुन्हा वापरलेल्या या भागांचा आकार अगदी गोल राहिलेला नव्हता, आणि त्या सांध्याच्या त्याच बाजूला जोडणीच्या वेळी फट अतिशय अरुंद होती, सुमारे ०.००४ इंच, म्हणजे ०.१ मिलिमीटर. फट अरुंद म्हणजे ओ-रिंग जास्त दाबलेली, म्हणजे सील जास्त चांगलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. रबराच्या बाबतीत तसं नाही. रबराचा आकार सहज बदलतो पण आकारमान जवळजवळ बदलत नाही; त्याचं पॉयसनचं गुणोत्तर ०.५ च्या अगदी जवळ असतं. एका दिशेने दाबलं की ते दुसऱ्या दिशेने तितकंच पसरतं. खूप दाबलेली ओ-रिंग चरात पसरून त्याच्या तिन्ही भिंतींना चिकटते. मग वायूला तिच्या मागे शिरून तिला फटीकडे ढकलायला जागाच उरत नाही. दाबाने घट्ट होणारं सील दाबाची मदतच घेऊ शकत नाही, आणि सगळा भार स्वतःहून परतण्याच्या तत्परतेवर येतो. तीच तर थंडीने काढून घेतली होती.

दुसरी ओ-रिंग कशासाठी होती मग? पहिली गेली तर दुसरी, असा हिशेब होता. पण दोन्ही एकाच रबराच्या, एकाच तापमानाला, एकाच फटीवर. थायोकॉलच्या स्वतःच्या तक्त्यात दुसऱ्या सीलची शक्यता वेळेनुसार मांडलेली होती: पहिल्या १७० मिलिसेकंदांत ती भरवशाची, ३३० पर्यंत घटत जाणारी, ३३० ते ६०० मध्ये बहुधा नाहीच. पर्यायी सील जवळपास पाव सेकंदापुरतंच खऱ्या अर्थाने पर्यायी होतं.

चित्रफितींत ०.६७८ सेकंदांना उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यापासून धुराचा पहिला काळा झोत दिसतो. नंतर अडीच सेकंदांपर्यंत आणखी झोत, सेकंदाला साधारण चार. आयोगाने नोंदवलं की हा ठेका रचनेच्या कंपनांशी आणि सांध्याच्या त्याबरोबर होणाऱ्या हालचालीशी मिळताजुळता आहे. आधी साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा सांधा उघडत-मिटत होती, आणि प्रत्येक उघडण्याबरोबर थोडं जळलेलं रबर, ग्रीस आणि उष्णतारोधक बाहेर फेकलं जात होतं.

मग धूर थांबला. बहुधा इंधनातल्या ॲल्युमिनियमच्या जळक्या अवशेषांनी भोक बुजलं. उड्डाणाच्या ३७ व्या सेकंदापासून जोरदार वाऱ्याचे हेलकावे सुरू झाले आणि ५८.८ व्या सेकंदाला त्याच जागी ज्वाला दिसली. पुढचे १४ सेकंद बाहेरची इंधनटाकी आणि बूस्टरला धरणारा आधार जळण्यात गेले.

६०० मिलिसेकंदांनंतर फट उघडायची थांबते. एखाद-दोन सेकंद मिळाले असते तर त्याच रबराचा कदाचित पुष्कळसा भाग परतला असता. रबर कायमचं चपटं झालं नव्हतं. हा बिघाड म्हणूनच प्रयोगशाळेत पकडायला अवघड: नमुना खोलीत आणून मोजा, तो पुन्हा निर्दोष.

फेब्रुवारी १९८६ मध्ये आयोगाच्या जाहीर सुनावणीत आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा छोट्या क्लँपमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, मग क्लँप सैल करून दाखवलं की तो काही सेकंद तसाच चपटा राहतो. याला नाटकी म्हणणारेही आहेत. मला तो प्रयोग तपशीलपत्रकातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा नेमका वाटतो, कारण त्यात बलाऐवजी वेळ पाहिला गेला. अर्थात त्याने दाखवलं ते अर्धंच. पोलाद का आणि किती दूर जातं ते पाण्याच्या पेल्यात दिसत नाही, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो पेलाच.

दुरुस्ती

नव्या सांध्यात जिभेला आतल्या बाजूने एक जास्तीचा पोलादी ओठ दिला, जो खाचेच्या आतल्या भिंतीला पकडून धरतो. सांधा फिरायला गेला की हा ओठ अडवतो आणि फट फारशी उघडतच नाही. तिसरी ओ-रिंग आली. पुट्टी काढून आतलं उष्णतारोधकच एकमेकांवर दाबून बसेल असा आकार दिला. सांध्याभोवती विजेचे हीटर बसवले, ओ-रिंगांचं तापमान ७५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ नये म्हणून. या रूपातले बूस्टर २९ सप्टेंबर १९८८ रोजी डिस्कव्हरी या शटलबरोबर पहिल्यांदा उडाले.

यांतल्या हीटरचं नाव जास्त घेतलं जातं, कारण अपघाताची गोष्ट थंडीची म्हणून सांगितली जाते. पण ७५ अंश हा आकडा वर येऊन गेला आहे. तबकड्यांच्या चाचणीत, जुन्या सांध्याइतकी फट उघडली तेव्हा, याच तापमानाला रबराने २.४ सेकंद संपर्क सोडला होता. जुन्याच सांध्याला फक्त हीटर गुंडाळले असते तर रबर पूर्वीपेक्षा चपळ झालं असतं, तरी सहा दशांश सेकंदांच्या शर्यतीत हरण्याची शक्यता उरलीच असती. शर्यतीचं अंतरच कमी केलं ते त्या पोलादी ओठाने.